जुनी मारुती ८०० : बोनेटखाली काय कुठे आहे आणि घरी काय करावे

आपल्या सभासदांच्या अंगणात अजूनही बऱ्याच मारुती ८०० उभ्या दिसतात. काहींवर एपी ०१ची जुनी पाटी आहे, तर काही यवतमाळकडून आलेल्या, एमएच २९च्या. मुले पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला आहेत आणि फोनवर एकच सांगतात, "बाबा, आता ती विकून टाका." विकायची की ठेवायची, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण ठेवायची असेल, तर तिच्या बोनेटखाली काय कुठे आहे हे आपल्याला माहीत असले पाहिजे. ते माहीत नसल्याची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

मे महिन्यात आम्ही माहूरहून रेणुकामातेचे दर्शन घेऊन किनवटमार्गे परत येत होतो. दुपारचा एक वाजला असेल. गाडीत आमची ऐंशी वर्षांची मावशी होती. गाडी दोन-तीन धक्के देऊन बंद पडली आणि काही केल्या सुरू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरीही थकली. अर्ध्या तासाने एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्याने बोनेट उघडले, आमच्या पाण्याच्या बाटलीने फडके ओले केले आणि एका लहानशा भागावर गुंडाळले. "पंप तापला, काका. बसा सावलीत," एवढेच म्हणाला. वीस मिनिटांनी त्याने धक्का दिला आणि गाडी सुरू झाली. गाडी आमच्याकडे अठरा वर्षे होती, पण पेट्रोलचा पंप कुठे आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्या पोराला ठाऊक होते.

ही गाडी शिकायला सोपी आहे. पहिल्या मारुती ८०० ची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी दिली गेली. १९८६ मध्ये आज आपण ओळखतो तो आकार आला आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. तोवर २५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, पुढे आडवे बसवलेले. त्यात साधारण २००० सालापूर्वीच्या गाड्या कार्ब्युरेटरच्या आणि त्यानंतरच्या एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या. आपली कोणती हे आधी बघून घ्यावे. पेट्रोलच्या बाबतीत दोघींचे उपचार वेगळे आहेत.

बोनेट उघडले की नवख्याला नुसता वायरी-नळ्यांचा गुंता दिसतो. हिशेब जुळेना की आपण एक एक एंट्री मागे नेत तपासतो, तेच इथे करायचे. गाडीत चार वाटा आहेत : करंटची, पेट्रोलची, पाण्याची आणि तारांची. एका टोकाला बोट ठेवून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. इंजिन थंड असताना, हँडब्रेक ओढून, किल्ली काढून आणि हातातले घड्याळ-अंगठी उतरवून एकदा या चारही वाटा फिरून घ्याव्यात. एका सकाळचे काम आहे.

करंटची वाट

सुरुवात बॅटरीपासून. तिच्या दोन टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असेल, तर निम्मी दुखणी तिथेच असतात. किल्ली फिरवल्यावर नुसती टिकटिक होते, हॉर्न मरगळल्यासारखा वाजतो, दिवे मंद होतात, याचा अर्थ करंट पुरत नाही. १० नंबरचा पाना घेऊन आधी वजा टर्मिनल सोडवावे, मग अधिक. जोडताना उलट, आधी अधिक आणि शेवटी वजा. क्रम चुकला आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी पडते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून बुरशी धुवावी, पॉलिश पेपरने घासावे, घट्ट आवळावे आणि वरून थोडे व्हॅसलिन लावावे. वजा टर्मिनलची जाड वायर बॉडीला आणि गिअरबॉक्सला जिथे जोडली आहे, तो अर्थिंगचा बोल्टही घासून आवळावा. तो बहुतेक जण विसरतात.

दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरी असावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो १२ वरच राहिला, तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा किंवा त्याला फिरवणाऱ्या पट्ट्याचा असतो. हे न बघता आम्ही एकदा नवी बॅटरी विकत घेतली आणि तीही आठ दिवसांत बसली.

बॅटरीकडून करंट इग्निशन कॉइलकडे जातो. कॉइलच्या मधून एक जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत जाते आणि टोपीतून तीन जाड वायरी निघतात. त्या धरून गेले की तीन स्पार्क प्लग सापडतात. या वायरी कधीही एकदम काढू नयेत. फायरिंगचा क्रम १-३-२ आहे, तो बिघडला की गाडी सुरूच होत नाही. एक प्लग काढावा, बघावा, परत लावावा, मग दुसरा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळे ठीक. काळी कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. ओले आणि तेलकट असेल, तर इंजिन ऑइल वर चढते आहे, आणि ते काम मेकॅनिकचे. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावा. ज्या जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट आहेत, त्यांचा गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतो. प्लग बसवताना पहिले आटे हातानेच फिरवावेत. पान्याने सुरुवात केली आणि आटे तिरपे गेले, तर हेडच खराब होते.

आमची गाडी एकदा थरथरू लागली, ओढही गेली. एका गॅरेजमध्ये सांगितले, "आधा इंजन खोलना पडता साब." अंदाज ऐकून आम्ही गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी एकेक वायर हातात घेऊन बघितली. मधल्या प्लगच्या वायरीला टोपीजवळ चीर गेली होती. गाडी दोनच सिलिंडरवर चालत होती. वायरींचा सेट बदलला आणि काम झाले. गॅरेजवाला लबाडच होता असे आम्ही म्हणत नाही. कदाचित त्यानेही वायर बघितली नसेल. पण बघायला आम्हाला कुणी अडवले नव्हते. मात्र इंजिन चालू असताना या जाड वायरींना हात लावू नये. त्यांतून हजारो व्होल्ट जातात, आणि हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी तर दूरच राहावे.

फ्यूजची पेटी आत, डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या बाजूला आहे. वायपर, हॉर्न, इंडिकेटर किंवा पंखा यांपैकी एखादीच गोष्ट बंद पडली, तर आधी ती पेटी उघडावी. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तार गुंडाळून काम चालवले, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळते. एकच फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल, तर कुठेतरी वायर सोलली गेली आहे असे समजावे. आपल्याकडे कापसाच्या हंगामात उंदीर फार होतात आणि उभ्या गाडीच्या वायरी त्यांना आवडतात. आठवड्यातून दोनदा गाडी बाहेर काढणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

पेट्रोलची वाट

टाकी मागे, पेट्रोल जळते पुढे. मधली सगळी वाट गाडीच्या पोटाखालून नळ्यांनी येते. कार्ब्युरेटरच्या गाडीत पंप इंजिनच्या हेडला लागून असतो आणि कॅमशाफ्ट त्याला हलवतो. एक नळी मागून पंपात येते, दुसरी पंपातून कार्ब्युरेटरकडे जाते. त्या दोन नळ्या धरून तो सापडतो. एमपीएफआय गाडीत पंप विजेचा आणि टाकीच्या आत असतो. किल्ली ऑन केल्यावर मागून दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू येते, तोच त्याचा आवाज.

आमची गाडी किनवटच्या रस्त्यावर बंद पडली ती यामुळेच. मेच्या उन्हात, इंजिनच्या धगीने पंपातले आणि नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ झाली. पंप द्रव ओढू शकतो, वाफ नाही. अशा वेळी सेल्फ मारत बसू नये. बोनेट उघडून अर्धा तास थांबावे. पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवावे, पण एक्झॉस्टच्या तापलेल्या लोखंडावर पाणी उडू देऊ नये. उन्हाळ्यात लांब जायचे असेल तर पहाटे निघावे आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये.

या पंपाची आणखी एक खोड आहे. आतला पडदा फाटला, तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली आणि तिला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरूच करू नये. पंप बदलून आणि ऑइल बदलूनच चालवावी.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पंपावर आपण हल्ली भरतो ते पेट्रोल पूर्वीचे नाही. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल विक्रीला आले आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळते. आपल्या गाड्यांच्या रबरी नळ्या, वॉशर आणि पंपाचा पडदा अशा पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत. इथेनॉलने जुने रबर फुगते, मऊ पडते किंवा चिरते. शिवाय इथेनॉल हवेतली ओल धरते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये गंज धरू शकतो. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक नळी दाबून बघावी. चिकट लागली, भेग दिसली किंवा क्लिपजवळ ओल दिसली, तर ती नळी त्याच दिवशी बदलावी. नवी नळी पेट्रोलसाठीचीच मागावी. पाण्याची पारदर्शक नळी लावलेल्या गाड्या आम्ही बघितल्या आहेत. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल, तर किल्ली फिरवू नये आणि जवळ कुणाला विडी ओढू देऊ नये. एक थेंब आणि एक ठिणगी पुरते.

थंडीचे दुखणे वेगळे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा एक आकडी होतो. कार्ब्युरेटरच्या गाडीचा चोक ओढून सुरू करावी आणि इंजिन तापले की चोक पूर्ण आत ढकलावा. ओढलेल्या चोकने बाजारापर्यंत गेलात, तर प्लग काळे होतात आणि दुपारी "गाडी सुरू होत नाही" म्हणून फोन येतो.

पाण्याची वाट

पुढच्या जाळीमागे रेडिएटर आहे, त्याच्या मागे विजेचा पंखा. वरची एक जाड रबरी नळी आणि खालची एक, अशा दोन नळ्या रेडिएटर आणि इंजिन जोडतात. पंखा सतत फिरत नाही. पाणी ठरावीक गरम झाले की आपोआप सुरू होतो. काटा वर चढला आणि पंख्याचा आवाज नाही, तर पंख्याचा फ्यूज आणि वायरीचे जोड आधी तपासावेत.

काटा लाल खुणेकडे गेला तर लगेच कडेला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाबाखाली उकळते पाणी असते आणि ते तोंडावर येते. निदान अर्धा तास थांबून, जाड फडके धरून, हळूहळू फिरवावे. "घर जवळच आहे" म्हणून दोन किलोमीटर तापलेली गाडी रेटली, तर हेड गॅस्केट जाते, आणि मग खरेच अर्धे इंजिन उघडावे लागते.

बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये भरू नये. त्यातले क्षार आत थर धरतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत बारीक नळ्या बुजतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळून घालावे. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर झाकण बदलावे. अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवणारा फॅनबेल्ट इंजिनच्या एका टोकाला आहे. मध्यभागी अंगठ्याने दाबला तर ६ ते ९ मिलिमीटर दबावा. बेल्टला आतून भेगा असतील, तर तो तुटायची वाट बघू नये. जुना चांगला निघाला तर डिकीत ठेवावा.

तारांची वाट

क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही तारेने चालतात. पेडलपासून निघालेली तार इंजिनपर्यंत जाते. क्लचची तार गिअरबॉक्सवरच्या एका दांडीला, अ‍ॅक्सिलरेटरची कार्ब्युरेटरला किंवा एमपीएफआयच्या थ्रॉटलला. तार तुटण्याआधी सांगते : पेडल जड होते, करकरते किंवा अडकून हळूहळू परत येते. टोकाशी एखादा धागा सुटलेला दिसला की तार बदलावी. अ‍ॅक्सिलरेटरची तार घरी बदलता येते. क्लचची पहिल्यांदा मेकॅनिककडून बदलून घ्यावी आणि आपण शेजारी उभे राहून बघावी.

स्टेपनी

हे सगळ्यांना येते असे समजतात, पण आम्ही विचारून बघितले तेव्हा घरातल्या बायकामुलींना कुणी शिकवलेच नव्हते. हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, समोरच्या बाजूच्या चाकाला दगड लावावा. चारही नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत, मग जॅक. जॅक फक्त दारांखालच्या पट्टीवर खाच आहे तिथेच लावावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. नट परत आवळताना समोरासमोरचे आवळावेत आणि दहा-पंधरा किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघावेत.

टायरच्या कडेवर चार आकड्यांची खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली, तरी सात-आठ वर्षांचा टायर आमच्या रस्त्यांवर, मेच्या उन्हात, भरवशाचा राहत नाही. आपल्या गाड्या कमी फिरतात, म्हणून टायर झिजत नाहीत, नुसते म्हातारे होतात. स्टेपनीची खूणही बघा. ती बहुधा सगळ्यांत जुनी निघते.

जिथे हात लावायचा नाही

आता आमची चूक सांगतो. ब्रेक ऑइलची बाटली बोनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या पत्र्याजवळ आहे. एका पावसाळ्यात तिची पातळी खाली गेलेली दिसली. आम्ही ऑइल आणून भरले. पंधरा दिवसांनी पुन्हा कमी, पुन्हा भरले. आपण गाडीची काळजी घेतो याचे समाधानही वाटले. तिसऱ्या वेळेनंतर आम्ही निर्मलच्या घाटात उतरत होतो आणि ब्रेकचे पेडल तळाला गेले. सौ. शेजारी होत्या. गिअर खाली टाकत, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. मागच्या डाव्या चाकाचे व्हील सिलिंडर गळत होते. चाकाची आतली बाजू ओली होती आणि ती वाकून बघितली असती, तर तीन आठवडे आधीच कळले असते.

खात्यातून दर पंधरा दिवसांनी पैसे कमी होत असतील, तर आपण नुसते भरत राहत नाही, ते जातात कुठे हे शोधतो. नोकरीत जन्मभर केले ते आम्ही गाडीच्या बाबतीत केले नाही. पुढचे ब्रेक पॅड झिजतात तशी बाटलीतली पातळी महिन्यांच्या हिशेबाने किंचित उतरते, ते ठीक आहे. पण आठवड्यांत उतरली, म्हणजे गळती आहे. तेव्हा गाडी उभी करावी आणि मेकॅनिकला घरी बोलवावे.

म्हणून आमच्या घरी आता नियम आहे. बघायचे सगळे, पण ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि टायमिंग बेल्ट यांना आपण हात लावायचा नाही. या चार कामांत चूक झाली तर ती रस्त्यावर कळते, आणि गाडीत आपण एकटे नसतो.

डिकीत आणि कपाटात काय असावे

डिकीत १०, १२, १४ आणि १७ नंबरचे पाने, प्लग पाना, दोन्ही तोंडांचा पेचकस, पक्कड, टेस्टर, जंपर केबल, फ्यूज, एक प्लग, फॅनबेल्ट, अ‍ॅक्सिलरेटरची तार, इन्सुलेशन टेप, टॉर्च, सुती फडके आणि पाच लिटर पाणी. आदिलाबादला न मिळणारा भाग नागपूरहून किंवा हैदराबादहून मागवावा लागतो. तेव्हा जुना भाग सोबत न्यावा किंवा त्यावरचा नंबर लिहून न्यावा. कार्ब्युरेटर आणि एमपीएफआय गाड्यांचे बरेच भाग एकमेकांना चालत नाहीत.

कपाटात एक वही. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती रुपये. गाडी ठेवायची की काढायची याचे उत्तर या वहीतच मिळते. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये करण्यात आले. त्यात विमा, पीयूसी आणि वहीतला दुरुस्तीचा खर्च मिळवा. पत्रा खालून कुजला असेल, तर आकडेमोड न करताही गाडी काढावी. कुजलेला पत्रा अपघातात कुणाला वाचवत नाही.

आमच्या वहीने यंदा तरी "ठेवा" असे सांगितले आहे. मुलाला ते पटलेले नाही. दिवाळीला आला तेव्हा मात्र त्याने स्वतः बोनेट उघडले आणि विचारले, "बाबा, पंप कोणता?" आम्ही काही बोललो नाही, नळीवर बोट ठेवले आणि त्याला ती धरून पुढे जायला सांगितले.

तुम्हीही एखाद्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, घरातल्या सगळ्यांना गाडीभोवती बोलवा आणि या चार वाटा एकदा दाखवा.